हाडांची शिल्लक
(उतारवयातील हाडांचा ठिसूळपणा आणि तो टाळण्याचे उपाय)

माणूस ताठ उभा राहतो, चालतो, ओझे उचलतो, ते हाडांच्या आधारावर. तरीही डोळे, दात, पोट यांची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी हाडांची घेत नाही. कारण उघड आहे. डोळ्यांना कमी दिसू लागले की लगेच कळते. दात दुखू लागला की रात्रभर झोप येत नाही. हाड मात्र आतून पोकळ होत असले तरी तक्रार करीत नाही. एक दिवस मोरीत पाय घसरतो, पडणे अगदी साधे असते, पण खुब्याचे हाड मोडते. मग घरातील मंडळी म्हणतात, "वय झाले, आता हे असे चालायचेच!"

हे "चालायचेच" खरे नाही. वय कोणालाच चुकलेले नाही, परंतु वयाबरोबर हाडे मोडलीच पाहिजेत असा काही नियम नाही. हे आपल्या समाजबांधवांच्या, विशेषतः माता-भगिनींच्या आणि विद्यार्थी मित्रांच्या ध्यानात यावे यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. त्यामुळे हा विषय आम्ही आमच्या परिचयाच्या भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत मांडणार आहोत. वास्तविक पाहता हाडांचा विषय हा हिशेबाचाच विषय आहे.

हाड ही जिवंत वस्तू आहे

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हाडात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि तेथे रात्रंदिवस काम चालू असते. स्लॅबमध्ये जशी लोखंडी सळई आणि सिमेंट असते, तशी हाडात प्रथिनांची जाळी आणि तिच्यावर बसलेला कॅल्शियम व फॉस्फरसचा थर असतो. सळईमुळे लवचिकपणा येतो, सिमेंटमुळे कठीणपणा. म्हणून हाडांना केवळ कॅल्शियम पुरत नाही, प्रथिनेही लागतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. एक प्रकारच्या पेशी जुने, झिजलेले हाड पोखरून काढतात, तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड भरतात. अशा रीतीने दरवर्षी शरीरातील हाडांचा सुमारे दहावा हिस्सा नव्याने बांधला जातो. बालपणी आणि तारुण्यात भरणा जास्त व काढणे कमी असते. मध्यम वयात दोन्ही साधारण सारखे असते. उतारवयात काढणे वाढते आणि भरणा कमी पडतो. ही तफावत वाढत गेली की हाडाची जाळी विरळ होते, तिला छिद्रे पडतात. यालाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुडघे दुखणे, सांधे सुजणे, सकाळी उठताना अंग आखडणे हे सहसा सांध्यांचे आजार असतात. हाडांचा ठिसूळपणा हा निराळा आजार आहे. तो दुखत नाही. म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

ठेव कधी भरायची?

आपल्या शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडे आणि दात यांत साठविलेले असते. उरलेले एक टक्का रक्तात व इतर अवयवांत असते. परंतु या एक टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठण्याची क्रिया अवलंबून असते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर कधीही ढळू देत नाही. रक्त हा असा सावकार आहे की तो एक दिवसही हप्ता चुकवू देत नाही. जेवणातून कॅल्शियम मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर गळ्यातील चार छोट्या ग्रंथी हुकूम सोडतात आणि तेवढी रक्कम हाडांच्या खात्यातून वळती होते. खातेदाराला याची नोटीससुद्धा येत नाही.

या खात्याचा दुसरा नियम असा की, त्यात भरणा करण्याची मुदत ठरलेली आहे. मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत हाडांची सुमारे ९० टक्के पुंजी जमा झालेली असते. उरलेली पंचविशी-तिशीपर्यंत जमते. त्यानंतर खाते मोठे करता येत नाही, फक्त सांभाळता येते. चाळिशीनंतर हळूहळू रक्कम कमी होऊ लागते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने घटते आणि पुढील पाच-सात वर्षांत २० टक्क्यांपर्यंत हाड निघून जाऊ शकते. आपल्याकडे पाळी साधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. म्हणजे जिच्या खात्यात मुळात भरपूर शिल्लक आहे तिला ही घट सोसते. जिचे खाते पहिल्यापासूनच रिकामे, तिचे हाड साठीच्या आतच मोडू शकते.

बँकेत दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. काउंटरच्या अलीकडे बसून आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ज्या बाईंची नजर पूर्वी काचेतून सरळ आमच्या नजरेला मिळत असे, त्यांचे काही वर्षांनी फक्त पांढरे केस दिसतात. कोणाचे उजवे मनगट प्लास्टरमध्ये असल्याने सही जुळत नाही. त्या हसून म्हणतात, "म्हातारपण, दुसरे काय!" वास्तविक उंची दीड-दोन इंच कमी होणे म्हणजे पाठीच्या मणक्यांचे हाड दबून खचल्याची खूण असू शकते. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडणे ही तर निसर्गाने दिलेली पहिली सूचना होय. या सूचनेकडे दुर्लक्ष झाले की पुढचा अस्थिभंग खुब्याचा असू शकतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातील एक जण वर्षभरात दगावतो, असे जगभरच्या नोंदी सांगतात. जे वाचतात त्यांपैकी अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही.

कष्टकऱ्यांची हाडे आपोआप मजबूत असतात काय?

आपल्या समाजात एक समजूत घट्ट आहे की, हा आजार बसून खाणाऱ्यांचा; शेतात, बांधकामावर, घरकामात राबणाऱ्या बायांना तो कसा होईल? या समजुतीत अर्धे सत्य आहे. हाडावर भार पडला की ते बळकट होते. ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली हा नियम मांडला. याउलट भार नाहीसा झाला की हाड विरघळू लागते. अंतराळात वजनविरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांचे खुब्याचे हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते.

परंतु उरलेले अर्धे सत्य असे की, भार हा केवळ कारागीर आहे. कारागिराला विटा आणि सिमेंट दिले नाही तर तो भिंत कशाने बांधणार? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० ते ६० वयोगटातील, अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांच्या हाडांची तपासणी केली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात या स्त्रियांची हाडे विकसित देशांतील स्त्रियांच्या मानाने बरीच विरळ आढळली, आणि खुब्याच्या ठिकाणी सुमारे २९ टक्के स्त्रियांत ऑस्टिओपोरोसिस दिसून आला. या काही बसून खाणाऱ्या स्त्रिया नव्हत्या. कष्ट भरपूर आणि ताटात मात्र तुटपुंजे, असा हा हिशेब आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, घरातील ताटांकडे एकदा नीट पाहावे. दूध उरले तर मुलीला, अंडे मुलाला, मासळीचा तुकडा घरच्या पुरुषाला आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले कालवण घरच्या बाईला, ही पद्धत अजून अनेक घरांत आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलीच्या ताटातून जे वगळले जाते ते तिच्या हाडांच्या खात्यात कधीच जमा होत नाही, आणि पुढे कोणत्याही गोळीने ते पूर्णपणे भरून निघत नाही. तिच्या साठाव्या वर्षीचा अस्थिभंग तिच्या पंधराव्या वर्षीच्या ताटात लिहिलेला असतो, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एका वेगळ्या धोक्याचीही येथे नोंद केली पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी थांबल्यासारखी शरीराची अवस्था होते आणि हाडांची झीज बरीच वर्षे आधी सुरू होते. यास्तव अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. "अंडाशये ठेवणार की काढणार?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे त्यांनी हाडांची तपासणी लवकर करून घ्यावी.

ताटात काय असावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना १,००० ते १,०५०, तर अंगावर पाजणाऱ्या माता, पाळी थांबलेल्या स्त्रिया आणि वृद्धांना १,२०० मिलिग्रॅम हवे. हे आकडे मोठे वाटले तरी आपल्या स्वयंपाकघरात ते जमविता येतात.

शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम नाममात्र असते. ज्वारीत पंचवीस-तीस मिलिग्रॅम असते. नाचणीत मात्र सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. कोकणातील गरिबाचे अन्न म्हणून जिला हिणविले गेले ती नाचणी या बाबतीत गहू-तांदळाच्या कितीतरी पुढे आहे. ज्वारीच्या पिठात निम्मी नाचणी मिसळून भाकरी करता येते, लहान मुलांना नाचणीचे सत्त्व देता येते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही आणि ताकही त्याच कुळातले. तीळ तर या बाबतीत श्रीमंतच. दोन चमचे तिळाच्या चटणीतून शंभराच्या आसपास मिलिग्रॅम मिळू शकते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, कुळथाचे पिठले, हरभऱ्याची उसळ हेही चांगले. सुकट, जवळा, लहान मासळी काट्यांसह खाल्ली जाते, म्हणून त्यातून कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही मिळतात.

एका दिवसाचा नमुना हिशेब असा :
१. नाचणीच्या दोन भाकरी (पीठ १०० ग्रॅम) – सुमारे ३५०
२. दूध, दही, ताक मिळून ३०० मिलिलिटर दुधाइतके – सुमारे ३६०
३. शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी, एक वाटी – सुमारे १५०
४. तिळाची चटणी – सुमारे १००
५. कडधान्याची उसळ, एक वाटी – सुमारे ७५
एकूण – सुमारे १,०३५ मिलिग्रॅम.

ज्यांना दूध परवडत नाही त्यांनी नाचणी, तीळ, पाला आणि सुकट यांचे प्रमाण वाढवावे. पालकाची भाजी लोहासाठी प्रसिद्ध आहे, परंतु त्यातील ऑक्झॅलेटमुळे तिच्यातील कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. जेवणातील मीठ बेताचे असावे, कारण जादा मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम वाहून जाते. पानाबरोबर चुना खाल्ल्याने हाडे मजबूत होतात असे सांगणारे भेटतात. पण त्या निमित्ताने पोटात जाणारी तंबाखू आणि सुपारी तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते, हे विसरू नये. विडी-सिगारेट आणि दारू ही तर हाडांची उघड शत्रू आहेत.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. त्यामुळे दात डागाळतात आणि हाडे, सांधे कायमचे आखडतात. अशा गावांतील बांधवांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

ऊन : फुकट मिळणारे औषध

कॅल्शियम कितीही खाल्ले तरी ते आतड्यातून रक्तात जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व अन्नातून फारच थोडे मिळते. ते मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होते. आपला देश उन्हाचा, म्हणून येथे त्याची कमतरता नसणार असे पूर्वी मानले जाई. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र निरोगी दिसणाऱ्या दिल्लीकरांतही हे जीवनसत्त्व फार कमी आढळले. त्यानंतर देशाच्या अनेक भागांत तसेच दिसून आले.

सकाळी सात वाजताच्या कोवळ्या उन्हात बसणे सुखाचे असते, पण त्या वेळी सूर्यकिरण तिरपे येत असल्याने आवश्यक ते किरण त्यात नगण्य असतात. सुमारे अकरा ते दोन या वेळेतील उन्हात हे काम होते. आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हात, पाय, चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास तरी ऊन घ्यावे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात मात्र हे धाडस करू नये; तेव्हा दहाच्या सुमारास थोडा वेळ पुरे. उन्हाने न भागल्यास डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी देतात. ती त्यांनी सांगितली तितकेच आठवडे घ्यावी. शेजारणीला गुण आला म्हणून वर्षभर घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

हालचाल आणि पडणे

विद्यार्थी मित्रांनो, लंगडी, कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, फुगडी हे सर्व हाडांच्या खात्यात भरणा करणारे खेळ आहेत. अभ्यासामुळे मुलींचे खेळ दहावीला बंद होतात; ते बंद करू नयेत. मोठ्यांनी रोज अर्धा तास झपाझप चालावे, शक्य तेथे जिने चढावेत, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. वृद्धांनी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे यांचा सराव करावा. ज्यांच्या मणक्याचे हाड ठिसूळ झाले आहे त्यांनी कमरेतून पुढे वाकण्याची आसने व वाकून हंडा-बादली उचलणे टाळावे.

हाड ठिसूळ असले तरी मोडते ते बहुधा पडल्यावर. म्हणून पडणे टाळणे हाही उपचारच आहे. मोरीतील शेवाळ घासून काढावे, संडास-मोरीच्या भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवावी, रात्री लहान दिवा चालू ठेवावा, गुळगुळीत झालेल्या चपला टाकून द्याव्यात, वाटेत गोधडी किंवा वायर राहू देऊ नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असल्यास डॉक्टरांना सांगावे. हा सगळा खर्च एका शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ आहे.

तपासणी आणि औषधोपचार

हाडांची घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी असते. तीत वेदना नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविलेल्या निकषानुसार 'टी स्कोअर' उणे एकपर्यंत असेल तर हाडे सर्वसाधारण, उणे एक ते उणे अडीचच्या दरम्यान असेल तर विरळ, आणि उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस समजतात. शिबिरात टाचेवर यंत्र लावून केलेली तपासणी ही केवळ प्राथमिक चाचणी असते, तिच्यावरून औषध सुरू करू नये. पासष्टीच्या पुढील स्त्रिया, सत्तरीपुढील पुरुष, पाळी लवकर थांबलेल्या स्त्रिया, साध्या पडण्याने हाड मोडलेले कोणीही, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असणारे आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांनी डॉक्टरांशी बोलून ही तपासणी करून घ्यावी. सांधेदुखीवर बाजारात विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. दोन दिवसांत गुण देणारी पुडी दोन वर्षांत हाडे पोखरू शकते.

आज या आजारावर परिणामकारक औषधे आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी त्यांपैकीच. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषधही आहे. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येते. औषध कोणते व किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवावे.

शेवटी एक विनंती

आमच्या काउंटरवर माणसे मुलीच्या लग्नासाठी ती दोन वर्षांची असताना आवर्ती ठेव उघडतात. हप्ता चुकला तर त्यांना चैन पडत नाही. त्याच मुलीच्या हाडांची ठेव मात्र कोणी उघडत नाही. वास्तविक ती उघडायला ना फॉर्म लागतो, ना ओळखपत्र. एक नाचणीची भाकरी, एक वाटी दही, मूठभर पालेभाजी, मैदानावरचा एक तास, एवढाच तिचा रोजचा हप्ता. संस्थेच्या महिला मंडळाने वर्षातून एकदा, २० ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिनाच्या निमित्ताने, साठीपुढील भगिनींची उंची मोजून वहीत नोंदवून ठेवली तरी पाठीचे मणके खचण्याची खूण वेळीच ध्यानात येऊ शकेल. त्यासाठी भिंत, पट्टी आणि पेन्सिल एवढेच साहित्य पुरे.

घरातील वृद्ध आईला मोरीत हात धरून नेणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु आपल्या मुलीला तिच्या म्हातारपणी कोणाचा हात धरावा लागू नये, याची तजवीज आज तिच्या ताटात करणे हेही आपलेच कर्तव्य होय. वाचकांनी आज रात्रीच्या जेवणापासून त्याचा आरंभ करावा, एवढीच नम्र विनंती.